हौदातलं पहिलं फावडं

प्लेगच्या साथीत मी रोज शंभर जोर काढले, आणि तेही गोधडीतून न उठता.

महायुद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट. मिरजगावात उंदीर पडायला लागले आणि गाव माळावर झोपड्या बांधून राहायला गेलं. तालीम बंद. पण आमचे वस्ताद हटणारे नव्हते. रोज पहाटे ते टेकाडावर हलगी वाजवायचे. एका ठोक्याला एक जोर, ज्याने त्याने आपापल्या झोपडीपुढे काढायचा. रोज एकाच जागी जोर काढले की मातीत तळहातांचे खळगे पडतात. ज्याचे खळगे सर्वांत खोल, त्याला गावात परतल्यावर कुस्तीच्या हौदात पहिलं फावडं मारायचा मान! मास्तरांच्या पोराला (मास्तर म्हणजे आमचे अण्णा) तो मान फार हवा होता.

पण हलगी लांबून फार गोड ऐकू यायची हो. धुक्यातून तरंगत येणारा ठेका, वर विझत चाललेली चांदणी... मी मनातच जोर काढायचो, मनातच हौदात उतरायचो. सगळं गाव बघतंय, मी फावडं उचलतोय! हलगी थांबली की कूस बदलायचो.

उद्या वस्ताद खळगे बघायला येणार असं कळलं, तेव्हा आमचं अंगण लख्ख सपाट होतं. संध्याकाळी मी गुपचूप खुरप्याने दोन खळगे खणले. मान नक्की मिळावा म्हणून जरा जास्तच खोल.

सकाळी ते पाहून अण्णांच्या हातातला तांब्या गळाला. "बिळं! उंदीर इथवर आला!" घटकाभरात आमच्या रांगेतल्या अकराही झोपड्या उखडायला लागल्या. आईने देव पाण्यात ठेवले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण अण्णांचा चेहरा बघून खरं काही बोलवेना. मग बांबू, कणग्या, शेजारच्या म्हातारीचं उखळ, सगळं मीच पाठीवर वाहिलं. (पाप वजनाला फार!)

तेवढ्यात वस्ताद आले. वाकून त्यांनी बिळात बोटं फिरवली, मग सावकाश माझ्याकडे बघितलं.

"मास्तर, घाबरू नगा. ह्या खुरप्याच्या खुणा हायत. ईतभर खणून थांबायला उंदीर काय इतका आळशी न्हाई."

झोपड्या पुन्हा कुणी उभ्या केल्या हे सांगायला नकोच.

साथ सरली, गाव परतलं. आणि वस्तादांनी मान मलाच दिला! दगडासारख्या झालेल्या त्या मातीत पहिलं फावडं मी मारलं. दुसरंही मीच. दिवस मावळताना शेवटचंही मीच. वस्ताद काठावर बसून हलगी वाजवत होते. जवळून ती अजिबात गोड लागत नाही.