पाण्याच्या टाकीजवळचा अंटार्क्टिका

जगाच्या पाठीवर असा एकही प्राणी शिल्लक नसेल, ज्याच्या राहण्याची सोय माझ्या दाजींनी जवळा बाजारच्या आसपास केलेली नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि जवळा बाजारच्या पुढं एका धनगरवस्तीवरच्या शाळेत पहिली ते चौथीचे गुरुजी. 'कोणता प्राणी कुठे राहतो' हा धडा इतर शाळांत दोन तासांत उरकतो. दाजींकडे तो जूनमध्ये सुरू होतो आणि दिवाळी येते तेव्हा कुठं कांगारूला जागा मिळते. नकाशावर बोट ठेवून लेकराला जग कळत नाही, त्यावर उभं राहावं लागतं, असं त्यांचं ठाम मत. म्हणून त्यांनी शाळेचं मैदानच वाटून टाकलं आहे. चिंचेखाली ॲमेझॉनचं जंगल, झेंड्याच्या ओट्यापुढचा फुफाटा म्हणजे सहारा, कुंपणालगतच्या गवतात आफ्रिकेतले सिंह, आणि नळ गळून जिथं कायम ओल असते त्या पाण्याच्या टाकीजवळ अंटार्क्टिका. दाजींनी प्राण्याचं नाव घेतलं की लेकरांनी पळत जाऊन त्याच्या मुलखात उभं राहायचं. तोंडी उत्तर चालत नाही. "तोंडानं कुणीबी सांगल," दाजी म्हणतात, "पायाला पाठ झालं पाहिजे."

टाकीजवळ म्हणावं तसं गार वाटत नाही, अशी एकदा पहिलीच्या वर्गातून तक्रार आली. दाजींनी ती फार मनावर घेतली. बाजारातून बर्फाची लादी घेतली, भुसा लावून पोत्यात गुंडाळली आणि मोटरसायकलवर मागं बसलेल्या माझ्या बहिणीच्या मांडीवर ठेवली. ऑक्टोबरचं ऊन आणि आमच्याकडचे रस्ते! शाळा येईपर्यंत लादीची साबणाची वडी झाली होती आणि उरलेला अंटार्क्टिका ताईच्या साडीतून टपकत होता. तरी दाजींनी लेकरांची रांग लावली आणि एकेकाला हात लावू दिला. शेवटच्या लेकराच्या वाट्याला नुसतं पाणी आलं, तेव्हा दाजी अजिबात न वरमता म्हणाले, "तिकडंबी असंच होऊन राहिलं." ताई मात्र अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "लोकायच्या बायका तिरुपतीला जाऊन आल्या, मी अंटार्क्टिका मांडीवर घेऊन आले."

माझं हिंगोलीत झेरॉक्सचं आणि वह्यापुस्तकांचं दुकान आहे, त्यामुळे या सगळ्या प्राण्यांचा शेवटी मलाच ताप. दर शनिवारी दाजी रंगीत चित्रं काढायला येणार, आणि मशीनमधून गेंडा बाहेर आला की चष्मा वर करून म्हणणार, "याला कावीळ झाली काय रे?" दुकानातल्या कोळ्याचं जाळं मी काढायला गेलो तर माझा हात धरणार. "त्याचं घर हाय ते. तू तरी इथं कायमचा हाईस का?" वर लेकरांनी विचारलेले प्रश्न वहीत उतरवून आणलेले असतातच. पेंग्विनला राखायला कोण असतं? पांढऱ्या अस्वलाची लोकर कधी कातरतात? मेंढपाळांचीच लेकरं ती, त्यांना दुसरं काय सुचणार! यातले निम्मे प्रश्न तिसरीतल्या पूजाचे असायचे. तिचं नाव घेताना दाजींचा आवाज बदलायचा. तिच्या घरात सलग वाचता येणारी ती पहिलीच. पण दिवाळीनंतर तिचे आईबाप मेंढरं घेऊन बाहेर पडतात. तिचे दोन्ही थोरले भाऊ असेच तिसरीतून गेले आणि परत शाळेत बसले नाहीत. यंदा पूजा जाऊ नये, एवढा एकच ध्यास दाजींनी घेतला होता.

अशात शाळा तपासायला साहेब आले. खुर्चीत बसून त्यांनी कौतुकानं विचारलं, "सांगा बरं, पेंग्विन कुठे राहतो?" आणि क्षणात वर्ग रिकामा झाला. साहेबांना वाटलं, लेकरं आपल्याला भिऊन पळाली. त्यांनी खिडकीतून जरा घाबरतच "सिंह?" म्हटलं, तशी सगळी फौज टाकीवरून गवतात घुसली. दाजींचा चेहरा तर लेकीच्या लग्नातल्या बापासारखा फुलला होता. शेवटी साहेब स्वतः बाहेर येऊन सहाऱ्यात उभे राहिले, रुमालानं घाम पुसला आणि सोपा म्हणून प्रश्न टाकला, "बरं, मेंढी कुठे राहते?" पहिल्यांदाच कुणी हललं नाही. सगळी एकमेकांकडे बघत राहिली. मग पूजा पुढं आली आणि साहेबांना समजावल्यासारखं म्हणाली, "मेंढी ऱ्हात न्हाई साहेब. मेंढी चालती." साहेब खो खो हसले, वहीत चांगला शेराही लिहून गेले. दाजी हसले नाहीत.

त्याच संध्याकाळी ते तिच्या घरी गेले. "पोरगी माझ्या घरी ठेवा, आमच्या लेकरासारखी ठेवतो," म्हणाले. तिच्या बापानं चहा पाजला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गुरुजी, तुमची तळमळ कळती. पण आमी दोघंबी मेंढरामागं. पिल्लू मायपाशी ऱ्हातं, हे तुमीच शिकवलं ना लेकरायला?" दाजींनी त्याचा फोन नंबर तेवढा लिहून घेतला आणि उठले.

दिवाळी झाली आणि कळप निघाला. ज्या शेतकऱ्याला खत हवं त्याच्या रानात चार दिवस मेंढ्या बसवायच्या, की पुढचं रान. दर रविवारी दाजी तिच्या बापाला फोन करायचे, ठिकाण विचारायचे आणि पुस्तकं घेऊन निघायचे. कधी हट्टा, कधी कनेरगाव नाका. बांधावर बसून गणितं, धडे, सगळं. ताई म्हणायची, "मला कधी माहेरला नेलं न्हाई एवढ्या उत्साहानं." महिन्यापूर्वी तो फोन लागेनासा झाला. एका रविवारी दाजी जुन्या ठिकाणी गेले, तर रान मोकळं होतं. कळप कुठं गेला ते शेतमालकालाही सांगता येईना. आता दाजी दुकानात येतात, चित्रं मागत नाहीत. एवढंच विचारतात, "इकडून मेंढरं गेली का रे?"

परवा एक कळप गेला. मी गिऱ्हाईक तसंच सोडून रस्त्यावर धावलो, पार शेवटच्या मेंढीपर्यंत पाहिलं. माणसं दुसरीच होती. दाजींना फोन लावला, खरं सांगणार होतो, पण त्यांनी इतक्या घाईनं "दिसली का?" विचारलं की माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, दिसली. वही मागत होती."

त्यांनी विचारलं, "किती पानी दिलीस?"

"दोनशे पानी."

"बराबर केलं," दाजी म्हणाले.

फोन ठेवला आणि मला माझीच लाज वाटली. मग मी एक दोनशे पानी वही काढली, तिच्यावर पूजाचं नाव घातलं आणि गल्ल्याशेजारी ठेवली. अजून ती तिथंच आहे.