वरच्या भिंगातून सगळं छान दिसतं

फिल्मवर फोटो काढणाऱ्या माणसाकडे फोटो कमी आणि फजित्या जास्त जमतात. मोबाइलवाल्यांचं बरं असतं, चुकलं की पुसलं! आमची चूक आधी रोलमध्ये गुंडाळली जाते, मग फ्रिजच्या दारात कोथिंबिरीशेजारी पडून राहते, मग औषधात आंघोळ करून दोरीवर वाळत पडते. आणि तेव्हा ती आपल्या आधी बाकीच्यांना दिसते.

वणीत आमचं तिघांचं टोळकं आहे. गजूभाऊ खाणीतून रिटायर झालेले इलेक्ट्रिशियन. त्यांच्या न्हाणीघरात रोल धुतले जातात आणि अंगणातल्या दोरीवर वाळतात. पल्लवी ज्युनियर कॉलेजात शिकवते. तिसरी मी. शिक्षण चौथी, उभा जन्म ब्लाउज शिवले. यवतमाळातला एक स्टुडिओ बंद पडत होता, तिथून हा जुना कॅमेरा उचलला. सोबतचं पुस्तक इंग्रजीत होतं. चित्रं बघून शिकले. कोणाला विचारलं नाही, त्याचा मला भारी तोरा!

कॅमेरा म्हणजे एक उभा डबा. पुढे एकावर एक दोन भिंगं. डबा पोटाशी धरायचा, मान वाकवायची आणि डब्याच्या डोक्यावरच्या काचेत बघायचं. वरच्या भिंगातून आपण बघतो, खालच्यातून फिल्म बघते. एका रोलात फक्त बारा फोटो.

पहिल्याच महिन्यात पल्लवीचे दोन फोटो धुरकट आले, तेव्हा मी तिला सगळ्यांदेखत झापलं. "ज्याला फोकस जमत नाही, त्यानं कॅमेरा हातात धरू नये!"

गजूभाऊंनी लगेच विचारलं, "हे साऱ्याईले लागू हाय न, वैनी?"

"सगळ्यांना! माझा रोल धुरकट आला तर हा कॅमेरा त्या दिवसापासून पल्लवीचा!"

बोलून बसले. त्यानंतर प्रत्येक रविवारी दोरीवर मी आधी माझाच रोल शोधायची.

*

एकदा जिनिंग कारखान्यात गेले. तिथं कापसाचा रेशा उडतो, तो खालच्या भिंगावर बसू नये म्हणून मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण त्यावर बसवलं होतं. अगदी फिट्ट बसलं. वरचं भिंग उघडंच ठेवलं. त्यावर रेशा बसला तरी फोटोचं काही बिघडत नाही. एवढी हुशारी!

ढिगावर एक माणूस कापूस लोटत होता. त्याला मी पुन्हा पुन्हा वर चढवलं. "असं नाही, हात वर पाहिजे! कापूस हवेत पाहिजे!" बिचारा घामाघूम झाला. "आजी, आता आला का?"

"आला, आला!"

रविवारी गजूभाऊंनी रोल बाहेर काढून उजेडात धरला. या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरा!

"वैनी, जिनिंगमंदी लाइट गेलती का?"

मी फिल्म बनवणाऱ्यांचा उद्धार सुरू केला. शिळा माल पाठवतात, आपल्याला खेड्यातले समजतात. तेवढ्यात पल्लवीनं माझा कॅमेरा उचलून पाहिला. झाकण अजून जागेवरच होतं.

"काकू, खोकला कॅमेऱ्याले झाला का?"

वरच्या भिंगातून मला सगळं छान दिसत होतं हो! धुरकट नव्हे तर कोरा आला, म्हणून कॅमेरा तेवढा वाचला. पण जिनिंगमधला तो माणूस बाजारात दिसला की मी अजून मेथीच्या जुडीत तोंड घालते.

*

या कॅमेऱ्याच्या काचेत डावं ते उजवं दिसतं. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि बारा बायका उन्हात समोर उभ्या असणं वेगळं.

मारेगावला बचत गटाचा फोटो होता. काचेत टोकाची बाई अर्धी कापली जात होती. मी मान खाली घालूनच हातानं खूण केली, "इकडे या, इकडे." ती माझ्या हाताकडे बघून सरकली. काचेत आणखी बाहेर गेली.

"अहो, इकडे म्हटलं न!"

ती आणखी सरकली.

"उलट्या कुठे जाता? उजवं-डावं कळत नाही का तुम्हाला?"

मग 'छप्प' असा आवाज आला. मी मान वर केली. बाईंचा एक पाय नालीत होता.

"बाई," त्या शांतपणे म्हणाल्या, "आता याच्या पुढं सरकली त मी घरीच पोचते!"

सगळ्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. मी घाईघाईत खटका दाबला आणि पुढच्या बसनं वणी गाठली.

फोटो स्वच्छ आला. अख्खा गट त्यात आहे. नालीत पाय गेला ती बाई तेवढी नाही. ती गटाची अध्यक्ष होती!

*

मी कोणापुढे वाकत नाही. लग्नात सासूच्या पाया पडले तेवढीच. हे सारी वणी जाणते.

बसस्टँडसमोर पाणपोईचं उद्घाटन होतं. एक पुढारी आले होते. मला त्यांच्याशी कर्तव्य नव्हतं, मला मागची माठ भरणारी बाई पाहिजे होती. पण ती नेमकी पुढाऱ्याच्या पाठीशी, म्हणून मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. डबा पोटाशी, मान खाली, डोळा काचेत.

फोकस लागतच होता, तर डोक्यावर काहीतरी टेकलं. पुढाऱ्याचा हात!

"असू द्या, आजी, असू द्या. सुखी राहा."

मला बोलता येईना. बोलले असते तर कॅमेरा हलला असता!

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या साऱ्या ग्रुपवर फोटो फिरला. कोणीतरी पाठीमागून मोबाइलनं काढलेला, त्यामुळे कॅमेरा दिसत नव्हता. दिसत होती फक्त माझी वाकलेली मान. खाली लिहिलं होतं, 'ज्येष्ठ माताही नतमस्तक!'

गजूभाऊंनी त्याचा मोठा प्रिंट काढून आणला आणि रोलच्या दोरीवर चिमट्यानं लटकवला. म्हणाले, "काही म्हणा वैनी, फोकस मस्त हाय!"

पुढचे दोन रविवार माझं डोकं दुखत होतं.

*

मग काचेत अंधुक दिसायला लागलं. मी म्हटलं, काच जुनी झाली. जुन्या वस्तूला सांभाळून घ्यावं लागतं. कॅमेऱ्याच्या फोकसच्या बटणावर फुटांचे आकडे असतात; समोरचा माणूस किती फुटांवर आहे ते कळलं, की काचेत बघायची गरजच नाही. मी शिलाईच्या दोन टेपा एकमेकींना शिवल्या. एक टोक भिंगापाशी, दुसरं टोक माणसाच्या नाकापाशी. जो आकडा येईल तो बटणावर लावायचा.

शेजारची गंगू बकऱ्या घेऊन उभी होती. नाकाशी टेप गेल्यावर म्हणाली, "कुसुमे, फोटो काढून राह्यली का बलाउज शिवून राह्यली?"

ते चाललं असतं. पण एकदा चौकातल्या पानटपरीवाल्याचा फोटो काढायला गेले. रस्त्यावर उभी राहिले, टेप सोडली, टपरीच्या दिशेनं निघाले. बघते तर शेजारचा चहावाला बाकडी आत ओढतोय! त्याच्या पलीकडचा चपलावाला माल गोळा करतोय! कोणीतरी ओरडलं, "अतिक्रमणवाले आले!"

पानटपरीवाला हात जोडून पुढे आला. "मॅडम, आपली टपरी लाइनीच्या आतच हाय न! पाहा न तुम्ही बरोबर!"

"मी तुझ्या नाकाचं माप घेऊन राहिले, बापू."

त्याला ते पटलं नाही. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, वरून मसाला पान बांधून दिलं.

लाज वाटते ती टेपेची नाही. मी तो चहा प्यायले, याची वाटते. आणि पानही घरी नेलं!

*

गंगूचा आणि बकऱ्यांचा तो रोल धुवून प्रिंट निघाले, त्या रविवारी गजूभाऊंकडे चंद्रपूरचे सोयरे आले होते. मी दोरीपाशी गेले. धुरकट. प्रिंट हातात घेतले. सगळे धुरकट! बकरी कुठली, गंगू कुठली, कळत नव्हतं.

"भल्ला शार्प आला वैनी," गजूभाऊ म्हणाले.

"खोटं बोलू नका!"

"मायची आन!"

"तुम्हीच बिघडवला! औषध शिळं वापरता, पाण्याचा अंदाज नाही, हात थरथरतो तुमचा! माझी मेहनत न्हाणीत ओतली तुम्ही!"

सोयरे पोह्याचा घास हातात धरून बघत राहिले. गजूभाऊ कधी एका वाक्याला दुसरं लावल्याशिवाय राहत नाहीत. त्या दिवशी नुसती औषधाची टाकी उचलली आणि धुवायला आत गेले.

पल्लवी म्हणाली, "काकू, खरंच चांगले आहेत हो फोटो."

"मास्तरीण होऊन म्हातारीला फसवतेस?" मी कॅमेरा तिच्या मांडीवर ठेवला. "घे. बोलले होते न? घे!"

"काकू, असं नका करू."

"माझा शब्द आहे!"

ऑटोत बसेपर्यंत मान ताठ ठेवली. मग रडले. ते कोणाला सांगितलेलं नाही, आता लिहिते आहे.

*

कॅमेरा गेला, पण धुरकटपणा घरी आला. एका सकाळी मी सुनेला म्हटलं, "कप नीट धुवत जा. किती मळकट!"

ती माझ्यासारखीच आहे, ऐकून घेत नाही. "आई, कप धुतलेला हाय. डोळा धुवाचा राह्यला!"

आणि हाताला धरून यवतमाळला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू चांगलाच पिकलाय, कधीपासून दिसत नाही? मी म्हटलं, "मला दिसतं. काच खराब होती."

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि घरी आल्यावर मी पहिल्यांदा गंगूकडे तिचा फोटो मागितला.

बकरीच्या दाढीचा केस न केस वेगळा होता. गंगूच्या नाकातल्या चमकीचा खडा दिसत होता. तिच्या ब्लाउजची बाही मी शिवलेली, त्यावरची वाकडी शिलाईसुद्धा दिसली! आजवर ती मलाही दिसली नव्हती.

म्हणजे टेपेनं काम चोख केलं होतं. गजूभाऊंनीही. पल्लवी तर काकुळतीला येऊन खरंच सांगत होती.

मी तडक गजूभाऊंकडे गेले. ते अंगणात बसले होते. माफीचा शब्द जिभेवर होता, देवाशपथ. पण तोंडातून निघालं ते असं, "काय हे अंगण! पानं काय, धूळ काय! झाडू मारत नाही का कोणी या घरात?"

गजूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग आत तोंड करून ओरडले, "चहा ठेव वं! वैनीले दिसाले लागलं!"

*

उरली पल्लवी. दिलेली वस्तू मी परत मागत नाही. ही माझी रीत. पण हात रिकामे असले की पोटाशी जायचे, डबा धरल्यासारखे. सून विचारायची, "आई, पोट दुखते का?"

शेवटी एक दिवस ऑटो केला. वाटेत वाक्य घोकलं. 'पल्लवी, मी चुकले, माझा कॅमेरा मला दे.' मग 'मी चुकले' काढून टाकलं. मग 'माझा' काढून टाकलं. ऑटोवाला आरशातून बघत होता.

कॉलेजच्या गेटाशी पल्लवी चिंचा विकणाऱ्या बाईचा फोटो काढत होती. मान खाली, डबा पोटाशी. मी ऑटो थांबवून ठेवला आणि उतरले.

"काकू! डोळा कसा आहे आता?"

"बरा आहे."

"काही काम होतं का?"

"छे! इकडूनच जात होते."

मी चिंचांकडे बघत म्हटलं, "ताज्या दिसतात."

"घेऊ का तुमच्यासाठी? हे धरा जरा." आणि तिनं कॅमेरा माझ्या हातात देऊन पर्स उघडली.

त्याचं वजन पोटाशी आलं. काचेत पाहिलं. झाड, गेट, चिंचेचा ढीग, सगळं लख्ख. पुढचं मला नीट सांगता येणार नाही. पाय आपोआप वळले. मी ऑटोत बसले.

"चल!"

"कुठं, आजी?"

"चल म्हटलं न!"

ऑटो सुटला. मागून पल्लवीचा आवाज आला, "काकू! ओ काकू! आतमंदी माझा रोल हाय!"

"धुवून देते!" मी ओरडले. मागे वळून पाहिलं नाही. पाहायची हिंमतच नव्हती.

पुढच्या वळणावर ऑटोवाल्यानं हळूच विचारलं, "आजी, कोणाचा हाय थो कॅमेरा?"

"माझा!" मी म्हटलं. "माझाच आहे!"

त्यानं आरशातून मागचा रस्ता पाहिला. मग म्हणाला, "मंग आपण पळून काहून राह्यलो?"