चार नंबर अजून जेवून राहिला

माझं वय आता चौऱ्याहत्तर. स्मशानाशेजारच्या खोलीत तीन वर्षं भाड्यानं राहिलो, तिथंही मला कधी काही दिसलं नाही. कुणी भुताखेताचं सांगू लागलं की मी उठून चहा सांगायला जायचो. तरी हे लिहितोय, कारण हे लिहिल्याशिवाय एका माणसावरचा ठपका पुसला जाणार नाही.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. वऱ्हाडात कपाशीचे दिवस वाईट होते, पेपर उघडायची भीती वाटायची. तेव्हा अमरावतीत राजापेठेत, एका ट्यूशन क्लासच्या वरच्या खोलीत आमचं शेती सल्ला केंद्र होतं. सात गावांत सात कॉम्प्युटर, फोनच्या तारेनं आमच्या सर्व्हरला जोडलेले. गावातून प्रश्न यायचा, आमचे कृषी पदवीधर साहेब उत्तर लिहायचे, ते परत गावात जायचं. मी व्यवस्थापक. अकोल्याहून रोज ये-जा, बडनेऱ्यापर्यंत गाडी आणि पुढं ऑटो.

सर्व्हरचा प्रोग्रॅम सलीमनं लिहिला होता. अकोल्याचाच, पंचविशीतला, वडील शिंपी. त्या प्रोग्रॅमला चित्रं नाहीत, बटणं नाहीत... नुसती काळी खिडकी आणि तिच्यात सरकणाऱ्या पांढऱ्या ओळी. मराठी अक्षरं तिथं उमटत नसत, म्हणून सलीमनं इंग्रजी अक्षरांत वऱ्हाडी लिहिली होती. गाव जोडलं गेलं की ‘दोन नंबर आला, बसला’. प्रश्न पाठवत किंवा उत्तर घेत असला की ‘दोन नंबर जेवून राहिला’, म्हणजे जेवतोय. मी हसलो तर म्हणायचा, “काका, मशीन असली म्हणून का झालं, बोलली तर पाह्यजे ना आपल्यासारखी!”

बंद कसा करायचा हे त्यानं मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. “कंट्रोल आन् सी दाबा, आन् मंग हात बांधून बसा. आपल्या पंगतीत शेवटचा मानूस जेवल्याबिगर कोणी उठते का? तसंच हाय हे. पयले दार लावते, नवा मानूस घेत नाही. जे बसले त्याईचं होऊ देते. मंग फायली लिहिते, पसारा आवरते, आन् मंग जाते.”

“आणि मी सरळ स्विच बंद केला तर?”

“तर काय, भरल्या ताटावरून उठवल्यासारखं. ज्याचं अर्धं रायलं, त्याचं गेलंच समजा.”

रोज संध्याकाळी आम्ही दोघं त्या काळ्या खिडकीपुढं बसायचो. खालून पोरांचे पाढे ऐकू यायचे, सलीम समोशाचा कागद उलगडायचा. एकेक गाव उठायचं. शेवटी ओळ यायची, ‘सगळे गेले. आता मी पन येतो.’ जातो नाही, येतो. ती ओळ आल्याशिवाय आम्ही खुर्ची सोडत नसू. आयुष्यात बऱ्याच नोकऱ्या केल्या, पण दिवस इतका नीट मिटल्याचं समाधान पुन्हा कुठं मिळालं नाही.

चार नंबर म्हणजे चांदूर रेल्वेकडचं एक गाव. तिथला कॉम्प्युटर कमलाबाई चालवायच्या. मॅट्रिक झालेल्या, स्वतःची चार एकर कपाशी करणाऱ्या, बोलायला फटकळ. एका संध्याकाळी त्यांचा प्रश्न आला: पंपात आधी तणनाशक होतं, पाण्यानं धुतला आहे, त्याच पंपानं उद्या सकाळी कपाशी फवारू का? साहेबांनी लगेच लिहिलं, ‘नको. दुसरा पंप घ्या.’ आणि ते घरी गेले. सलीम त्या दिवशी सुट्टीवर होता. फोनची लाइन रडतखडत चालली होती. मी कंट्रोल-सी दाबलंच नाही, कारण दाबलं की थांबावं लागणार. खिडकीत दिसत होतं, ‘चार नंबर जेवून राहिला’. माझी गाडी चुकत होती. मी भिंतीवरचा स्विच बंद केला आणि जिना उतरलो.

गावागावांत प्रशिक्षणाच्या वेळी मीच सांगितलं होतं, धोक्याचं असेल तर त्याच दिवशी उत्तर येईल, नाही आलं तर बिनधास्त करा. कमलाबाईंनी उत्तराची वाट पाहिली. आलं नाही. सकाळी त्यांनी फवारणी केली. आठवड्याभरात कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी फाटली, बोंडं धरलीच नाहीत. चार एकर.

साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, उत्तर गेलं कसं नाही? सलीमनं माझ्याकडं पाहिलं. “काका, कंट्रोल-सी दाबलं होतं ना तुमी?”

“दाबलं होतं,” मी म्हणालो. “तुझ्या प्रोग्रॅमनंच फाइल लिहिली नाही.”

 महिनाभरात सलीमला काढलं. ‘प्रोग्रॅम कच्चा होता’ हे सातही गावांत पोचलं.

पुढं दोन वर्षांनी केंद्र बंद झालं. फोनच्या लाइनी कापल्या, गावातले कॉम्प्युटर उचलून आणले. शेवटच्या दिवशी, दुपारी एकच्या सुमारास, मी त्या खोलीत एकटा. मोडेम काढून खोक्यात भरलेला, तार गुंडाळून माझ्या मांडीवर. मी कंट्रोल-सी दाबलं. जोडलेलं कुणीच नव्हतं, क्षणात बंद व्हायला हवं होतं. ओळ आली:

‘चार नंबर अजून जेवून राहिला. थांबून राहिलो.’

मला वाटलं जुनं काहीतरी अडकलं असेल. मांडीवरची तार पाहिली. तिची दोन्ही टोकं माझ्या हातात होती. हात स्विचकडं गेला... आणि तिथंच राहिला.  भर दुपार, खाली रस्त्यावर स्कूटरींचे हॉर्न, आणि मी त्या एका ओळीपुढं बसलेलो. त्या खोलीतल्या सगळ्या संध्याकाळी आठवल्या. सलीमचं ते माझ्याकडं पाहणंही. दीड तास गेला, दोन झाले. मी उठलो नाही. मग ओळी सरकल्या:

‘चार नंबर ले उत्तर देल्लं. चार नंबर उठला. सगळे गेले. आता मी पन येतो.’

खिडकी मिटली. मी फाइल उघडली. सर्वांत खाली दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाची तारीख आणि साहेबांचे शब्द: ‘नको. दुसरा पंप घ्या.’ स्विच बंद केला त्या संध्याकाळी जे नाहीसं झालं होतं ते. पीक गेल्यावर चौकशीत आम्ही ती फाइल तीनदा धुंडाळली होती, तेव्हा ते तिच्यात नव्हतं.

एवढं होऊनही मी गप्प राहिलो. वर्षानुवर्षं. अकोल्यात सलीमचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्या रस्त्यानं मी जात नसे. यंदा गेलो. केस पिकलेत त्याचे. मी सगळं सांगितलं. खोटं बोललो तेही, आणि त्या दुपारचंही. हातातला स्क्रू-ड्रायव्हर न ठेवता त्यानं ऐकलं.

“दोन तास थांबला म्हन्ता?” तो म्हणाला. “काका, अर्ध्या घंट्याची हद्द टाकली होती म्या. अर्ध्या घंट्यात कोनी नाही उठलं, तं सोडून देऊन बंदच होते थो. दोन तास थांबूच नाही शकत.”

मी माफी मागितली.

“मापीचं ऱ्हाऊ द्या. फाइल पाह्यली तवाच समजलं होतं मले, स्विच मारला म्हणून. पन माह्यं कोन ऐकनार? कमलाताईले आजबी वाट्टे, सलीमनंच तिचं वावर जाळलं. तिले सांगा. आन् जे काई सांगान, थे लिहून काढा. लोकाईले वाचू द्या.”

मी चांदूर रेल्वेला गेलो. कमलाबाई आता पासष्टीच्या. ओट्यावर तूर पाखडत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. त्यांचं सूप थांबलं.

“थो पोरगा आला होता इथं,” त्या म्हणाल्या. “वावर पाहाले. उन्हाचा सायकलनं आला, आन् म्या त्याले पानीबी नाही इचारलं. दारातूनच वापस लावला. तुमच्यापायी.”

मी सलीमचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. “सलीमभाऊ, म्या कमला...” एवढं म्हणून, फोन कानाला धरूनच त्या आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन फोन परत दिला. तेव्हा मी त्या दुपारचं मशीनचंही सांगितलं. 

“मशीन थांबली माह्यासाठी,” त्या म्हणाल्या. “तुमी काऊन नाही थांबले, भाऊ?”

तार नसलेलं मशीन कुणाशी बोलत होतं, हे मी दोन इंजिनियरांना विचारलं आहे. एक म्हणाला, हँग झालं असेल. दुसरा हसला. मलाही आजवर उलगडलेलं नाही, आणि आता उलगडेल असं वाटत नाही. कमलाबाईंच्या प्रश्नाचं मात्र उत्तर होतं माझ्याकडं. मी त्यांना ते दिलं. मला गाडी गाठायची होती.