बोर्डाला मुशीचं तेल

मला एका जागी बसवत नाही, हा माझा जुना रोग. ऑफिसात फोनवर बोलतानासुद्धा मी फेऱ्या मारते, आणि रविवारी सकाळी तर घर खायला उठतं. म्हणून मागच्या वर्षी पॅडल बोर्ड घेतला. पंपाने हवा भरायची, पाण्यावर टाकायचा, वर उभं राहायचं आणि लांब वल्हं मारत गोराईच्या खाडीत हिंडायचं. हवा काढली की गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत जातो. सांगायला सोपं. ती पिशवी माझ्या कमरेच्या वर येते आणि बोरिवलीतले निम्मे रिक्षावाले तिला बघूनच मान हलवून पुढे जातात.

पप्पांनी पहिल्या दिवशी बोर्ड बोटाने दाबून बघितला आणि ‘हवेची उशी’ म्हणून मोकळे झाले. त्यांचा सगळा जन्म खाडीपलीकडच्या आमच्या गावात मासेमारीत गेला. दोन वर्षांपूर्वी होडी विकली आणि माझ्याकडे, तिसऱ्या मजल्यावर, राहायला आले. तेव्हापासून पाण्याकडे फिरकले नव्हते. दिवसभर खिडकीत, तोंड रस्त्याकडे.

मला ते बघवायचं नाही. होडीचं दुःख आहे, एकदा पाणी बघितलं की माणूस ताळ्यावर येईल, असं मी धरून चालले होते. दर रविवारी त्यांच्या मागे लागायचे, चला ना, नुसते जेट्टीवर उभे राहा. ते म्हणायचे, गुडघा दुखतो. नाहीतर, चर्चची मिसा चुकेल. मिसाला जाताना बरा गुडघा दुखत नाही, असं मी म्हटलं की ऐकूच आलं नाही असं दाखवायचे.

पण मी परत आले की बोर्ड त्यांच्या ताब्यात. गोड्या पाण्याने दोनदा धुवायचा, फडक्याने पुसायचा, सावलीत वाळवायचा. उन्हात आतली हवा फुगते आणि जोड सुटतात, हे मी त्यांना एकदाच सांगितलं होतं. दहा फुटांचा तो प्रकार आमच्या हॉलमध्ये मावायचा नाही, मग एक टोक बाहेर पॅसेजमध्ये. शेजारच्या काकू तो ओलांडताना काहीतरी पुटपुटायच्या. पप्पा त्यांच्याकडे बघायचेही नाहीत.

एका शनिवारी कामावरून आले तर जिन्यातच वास. मुशीचं तेल! गावात लाकडी होडीत पाणी मुरू नये म्हणून मुशी माशाच्या काळजाचं तेल लावायचे. पप्पांनी ते आत्याकडून मागवलं होतं आणि बोर्डाच्या कडेच्या सगळ्या जोडांना चोळचोळून दोन हात मारले होते. अहो, लाकूड तेल पितं. हा प्लास्टिकचा, गोंदाने चिकटवलेला. सकाळी हवा भरायला घेतली तर पंपाचा काटा वर चढेना, आणि कडेची पट्टी बोटभर उचलून फुसफुसायला लागली.

माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोलले.

“ही तुमची होडी नाही,” मी म्हणाले. “यातलं तुम्हाला काही कळत नाही. यापुढे हात लावू नका.”

पप्पा उठले, मोरीत जाऊन साबणाने कितीतरी वेळ हात धूत राहिले. नंतर दोन दिवस आमच्या घरात फक्त टीव्ही बोलत होता.

मंगळवारी मी सुट्टी टाकली. साकीनाक्याला मुलांच्या फुगवायच्या घसरगुंड्या दुरुस्त करणारा एक कारखाना आहे, तिथे जायचं ठरवलं. पिशवी उचलायला गेले तर पप्पा चप्पल घालून दारात उभे. त्यांनी एक पट्टा धरला, दुसरा मी. कारखान्यातल्या कारागिराने पट्टी हुंगली, हसला आणि विचारलं, हे डोकं कुणाचं? मी म्हटलं, माझंच. त्याने तेल पुसून काढलं, जुना गोंद खरवडला, नवा लावला आणि आठवडाभर पाण्यात घालू नका म्हणून बजावलं.

परतताना हायवेवर रिक्षा अडकली. मला चैन पडेना, सारखी बाहेर डोकावत होते. पिशवी आमच्या दोघांच्या मांडीवर आडवी.

“होडी मी म्हातारपणामुळे नाही विकली,” पप्पा एकदम म्हणाले. “पडलो होतो मी. जाळं ओढताना तोल गेला. एकटाच होतो.”

होडी वाहत पुढे गेली. हात चालत होते, पाय चालेनात. मागून एक ओळखीचा आला म्हणून पप्पा वाचले, आणि त्याला शपथ घातली, घरी बोलायचं नाही.

कुठे पडलात, मी विचारलं. खाडी रुंद होते त्या वळणावर, म्हणाले. दर रविवारी मी तिथूनच मागे फिरते. घरी येऊन जेवताना फुशारकी मारते, आज पार वळणापर्यंत गेले. ते खाली बघून भात कालवत राहायचे.

“जाऊ नको म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस,” ते म्हणाले. “म्हणून तेल लावलं. निदान पाणी तरी आत शिरू नये.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि समोरच्या ट्रककडे बघत राहिले.

गोंद वाळल्यावरच्या रविवारी मी त्यांना चला म्हटलं नाही. त्यांनीच शर्ट चढवला. जेट्टीवर मी म्हटलं, कट्ट्यावर टेका, मला तास लागेल. वळणापर्यंत गेलेच नाही मी, अर्ध्यातूनच फिरले. लांबून ते कट्ट्याशी उभे दिसत होते. माझा पाय जमिनीला लागेपर्यंत ते बसले नाहीत.