टाकीला हात लावणार नाही

मावशींकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते एकदा शाळा सुटल्यावर. प्रयोगशाळेत स्टुलावर त्या पाठमोऱ्या बसल्या होत्या, चपला काढून, सुजलेली पावलं गार फरशीवर टेकवून. समोरच्या काचेच्या टाकीत पिवळे मासे फिरत होते.

"घरी नाही जायचं?"

"जायचंय ना. आईचं सगळं अंथरुणातच करावं लागतं, सर. इथे दहा मिनिटं कुणी हाक मारत नाही."

त्या आमच्या प्रयोगशाळेच्या परिचर. मासे आफ्रिकेतल्या एका सरोवरातले, सिक्लिड म्हणतात त्यांना. त्यांना क्षारयुक्त जड पाणी मानवतं, म्हणून मावशी गाळणीत शिंपल्यांचा चुरा घालत. अकरा वर्षं त्यांनी ही पैदास टिकवली होती. आता मादी एकच उरली होती आणि मावशींच्या निवृत्तीला तीन महिने. मुख्याध्यापक म्हणाले होते, "टाकी शाळेची. पिल्लं झाली तर ती तुमची."

मावशींच्या आईला दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा त्यांनी दोन दिवस टाकी माझ्यावर सोपवली.

"सकाळी दिवा लावा, संध्याकाळी विझवा. बाकी हाताची घडी, तोंडावर बोट."

जन्मभर मुलांना हेच सांगत आलो, स्वतः मात्र पाळलं नाही. मादी कोपऱ्यात, जबडा फुगलेला, दाण्याला तोंड लावेना. मला वाटलं, काहीतरी रोग. भाषेच्या मास्तरानं वैद्यकी करू नये! मी तिला जाळीनं उचलून बादलीत वेगळी ठेवली. संध्याकाळपर्यंत सूज उतरली, दाणेही टिपू लागली. मी खूश.

मावशी परत आल्या, बादलीवर वाकल्या.

"सूज नव्हती, सर. तोंडात अंडी होती. तीन-तीन आठवडे उपाशी राहून ती तोंडातच सांभाळते. घाबरली की गिळून टाकते."

"मला वाटलं, भुकेनं मरेल."

"नाही मरत." त्या स्टुलावर बसल्या. चपला काढत म्हणाल्या, "पोरांनी ऐकलं नाही की काय करता?"

"पन्नास वेळा लिहायला लावतो."

"मग लिहा."

लिहिलं. 'मी टाकीला हात लावणार नाही.' मावशींनी ओळी मोजल्या. अठ्ठेचाळीस भरल्या. उरलेल्या दोन उभ्या उभ्या लिहून घेतल्या आणि कागद टाकीवर चिकटवला.

दीड महिन्यानं जबडा पुन्हा फुगला. मी रोज हात पाठीशी बांधून दारातूनच पाहायचो. चोविसाव्या दिवशी मादीनं दगडांआड तोंड उघडलं आणि तांदळाएवढी पिल्लं बाहेर आली.

"किती आहेत हो, मावशी?"

"तुम्हीच मोजा. रात्रभर आईपाशी जागी होते, डोळे मिटतायत. आणि लांबूनच मोजा!"

अकरा होती. त्यांतली नऊ जगली.

आता मावशींची आई नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाला त्या नऊ माशांची नवी टाकी आहे आणि दर रविवारी त्या तिचं एक तृतीयांश पाणी बदलतात.