गालावरचं खवलं

मरळीची एकच कूस साफ झाली होती, तेवढ्यात अनशारी फोन आणि गळाची काठी घेऊन स्वयंपाकघरात आला. "अचिल, सुरी थांबव जरा. आवाज येतो."

अचिल म्हणजे मावशी, म्हणजे मी. धाकट्या बहिणीचा हा मुलगा बारावीनंतर मासेमारीचे व्हिडिओ करायला शिकतोय. शिकला काय, तर हात लांब करून मासा कॅमेऱ्याच्या नाकाशी धरायचा, म्हणजे वीतभर मासा तान्ह्या बाळाएवढा दिसतो. मासा लागला की असं किंचाळायचं, जणू गळ याच्याच टाचेत रुतलाय. याला तो कौशल्य म्हणतो. गळाची आमिषं बनवणारी बंजारमासीन शहरातली एक कंपनी त्याला पगारावर घेणार आहे, आजचा व्हिडिओ पसंत पडला तर. त्यात निघतानाच सांगायचं असतं म्हणे, आज कुठला मासा धरणार ते.

होडी माझ्या थोरल्या दिरांची, सरबिनींची; याचे ते जुलक, म्हणजे थोरले काका. निघताना माशाचं नाव काढलं की मासा ऐकतो आणि निघून जातो, हे आमच्या दलदलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आज पहाटे काठावर अनशारीने फोनसमोर तोंड उघडलं, "मित्रांनो, आज आपण..."

जुलकांनी वल्हं खाली ठेवलं. "बोल, बोल. मी जाऊन झोपतो."

"जुलक, कंपनीला हवंय."

"मग कंपनीच्या होडीतून जा."

मुकाट गेला, आणि अल्लाहने हातभर मरळ दिली.

आणि आता ती फळीवर अर्धी सोललेली असताना हा खिडकीतलं पाणी मागे दिसेल असा उभा राहून फोनला सांगतोय, "मित्रांनो, बघू या आज मरळ लागते का."

"लागली की," मी म्हटलं. "आता हळदही लागेल."

"अचिल, आता पुन्हा करावं लागेल ना."

"कर. मी असरची, दुपारनंतरची नमाज पढून येते. तेवढ्यात काय खोटं बोलायचं ते बोलून घे."

परत आले तर फोनमध्ये स्वतःलाच बघत होता. गालावर एक खवलं चिकटलेलं. मी सांगितलं नाही. खोट्याला मी कशाला नटवू?

व्हिडिओ पाठवला, आणि मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजाआधी कंपनीच्या माणसाचा फोन आला. अनशारीने ऐटीत आवाज मोठा केला, मलाही ऐकू यावं म्हणून.

"मासा लागायच्या आधीच गालावर खवलं कुठून आलं रे?"

याने गाल चाचपला.

"आणि निघताना माशाचं नाव कसं घेतलंस? तू आपल्यातलाच ना?"

"तुम्हीच म्हणालात, सुरुवातीला बोलायचं."

"बोल म्हणालो. वाऱ्याबद्दल बोल, पाण्याबद्दल बोल. उद्या नवा पाठव, नाहीतर राहू दे."

गाल पुसत तो माझ्याकडे वळला. "तुला दिसलं होतं?"

"दिसलं होतं. तू माशांवर नजर ठेवणारा, तुला नाही दिसलं?"

मी दुसरी कूस साफ केली, रस्सा केला, डबा भरला. आता तो डबा घेऊन अनशारीला जुलकांकडे उद्यासाठी होडी मागायला जायचं आहे.