तोगासेचा सरपंच

“आधी नाव जातं, मग बस जाते, मग शाळा. माणूस जातो तेव्हा विचारायला कोणी उरलेलं नसतं.”

गुरुनाथ हे दिवसातून एकदा तरी म्हणायचा, आणि म्हणताना समोरच्याकडे असा बघायचा की जणू ती बस त्यानेच बंद केली आहे.

मला तो माणूस आवडला नाही, हे आधीच सांगतो. २०१७ च्या जूनमध्ये मी आयर्लंडमध्ये गॉलवेला, विवेककडे म्हणजे माझ्या मुलाकडे, तीन महिन्यांसाठी गेलो. दुसऱ्याच संध्याकाळी गुरुनाथ भेटायला आला. बूट काढून त्याने ते दाराकडे तोंड करून जोडीने लावले. मग आमचे पडलेले बूटही कुणाला न विचारता तसेच लावले, आणि नंतर मला नमस्कार केला. चहात साखर जास्त आहे असं माझ्या सुनेला, वृंदाला, सांगितलं. चहा मात्र संपवला.

इचलकरंजीकडचा, चौपन्न वर्षांचा, मान ताठ. हृदयात घालायच्या बारीक नळ्या जिथे बनतात अशा एका कारखान्यात तो साचे तयार करायचा. त्याआधी अकरा वर्षं त्याने जपानात काढली होती, तोगासे नावाच्या गावात. गॉलवेची मराठी माणसं त्याला पाठीमागे ‘तोगासेचा सरपंच’ म्हणत. त्यांच्यातला प्रकाश तर तोंडावरच म्हणायचा, “काय सरपंच, आमच्या रस्त्याचं डांबर कधी?” गुरुनाथ हसायचा नाही. रस्त्याचं डांबर कुणाच्या अखत्यारीत येतं ते सांगू लागायचा.

तोगासे त्याने मला इतक्या वेळा सांगितलं की आजही मी डोळे मिटून तिथे चालू शकेन. दोन डोंगर, मध्ये नदी, नदीला लागून एकच लांब रस्ता. हिवाळ्यात छातीइतका बर्फ. जुन्या काळी समुद्राकडून मीठ लादून येणारे बैल तिथे मुक्कामाला थांबत, म्हणून घरं अशी, पुढे माणसं आणि मागे गोठा. वस्ती साडेचार हजार. गावाची स्वतःची कचेरी, निवडून दिलेला प्रमुख, दहा सभासद. बर्फ पडला की पहाटे पाच वाजता प्रमुख स्वतः रस्त्यावर उभा राहायचा, कारण त्याचं घरही त्याच रस्त्यावर होतं.

मग २००५ मध्ये सरकारने गावं जोडायला काढली. खालच्या मैदानातलं एक मोठं गाव, वरची तीन छोटी आणि तोगासे मिळून एक शहर झालं. तीस हजार माणसं जमली की शहर म्हणवून घ्यायची तेव्हा सवलत होती. नव्या शहराचं नाव लोकांकडून पत्रं मागवून ठरलं, मिदोहारा. हिरवं माळरान. गुरुनाथ म्हणायचा, “डोंगरातल्या गावाला माळरान म्हणायला लागलो आम्ही, आणि टाळ्याही वाजवल्या.” पहिल्या निवडणुकीत तोगासेचे चार सभासद होते, दुसरीत एक. कचेरीची शाखा झाली, शाखेची एक खिडकी झाली, खिडकी आठवड्यातून दोन दिवस उघडू लागली. दिवसाच्या सहा बसगाड्यांच्या दोन झाल्या. बर्फ काढणारं यंत्र खालून यायचं, दुपारी.

२००९ मध्ये शाळा बंद झाली. तिथे त्याची मुलगी रेवा चौथीत होती. त्याची बायको उर्मिला रेवाला घेऊन पुण्याला गेली, एका वर्षासाठी म्हणून. ते वर्ष काही संपलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात हा गॉलवेला आला. हे त्याने मला कधी सांगितलं नाही. वृंदाने सांगितलं, कपड्यांच्या घड्या घालता घालता.

गॉलवेचं मराठी मंडळ त्यानेच चार घरं जमवून सुरू केलं होतं. मी गेलो तेव्हा अकरा घरं होती आणि माझा विवेक अध्यक्ष होता. मंडळात गुरुनाथने तोगासेची एक रीत लावली होती. तिथे गल्लीत एक पाटी फिरते. तिला कागद लावलेला असतो, कचऱ्याचा दिवस, कुणाचं दुखणं, कुठली बैठक. एका घराने वाचून सही करायची आणि स्वतः चालत जाऊन पुढच्या घरी द्यायची. घर कधीही वगळायचं नाही. भांडण असलं तरी द्यायचीच. इथली घरं चार वस्त्यांत विखुरलेली, लोकांच्या फोनवर सगळे निरोप येत, तरी पाटी फिरायची. तरुण पोरं कुरकुरायची, गाडी काढून पाटी पोचवायला जायची आणि तिकडे तासभर बसून यायची.

जुलैत डब्लिनच्या मंडळाचं पत्र आलं. सगळ्या आयर्लंडचं एकच मंडळ करू, गॉलवे त्याची शाखा होईल. पंधराजणांच्या समितीत गॉलवेला दोन जागा. गणपती एकच, डब्लिनच्या मोठ्या हॉलमध्ये. पुण्याहून नाटक आणू, इकडच्यांसाठी बस ठेवू. विवेकला पटलं. त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. गणपतीचे दहा दिवस तीच तीन घरं राबायची, हॉल मिळता मिळत नव्हता, आणि पोरांना जरा मोठी गर्दी बघायला मिळाली असती.

गुरुनाथ त्याच संध्याकाळी आला. त्या दिवशी बूट कसेही टाकून आत आला. विवेक त्याला समजावत होता की एकत्र आलो तर ताकद वाढेल. त्यावर तो म्हणाला की हेच वाक्य मिदोहाराच्या पहिल्या पत्रकात छापलेलं होतं. आवाज चढत गेले.

“काका, आपण इथे गणपती करतो, ग्रामपंचायत नाही चालवत,” विवेक म्हणाला. “तुमचं गाव बुडालं म्हणून आम्ही सगळ्यांनी किती वर्षं सुतकात बसायचं?”

गुरुनाथ उठून उभा राहिला. मग म्हणाला, “डब्लिनला त्या दोन खुर्च्यांपैकी एक तुझी आहे, हे मला कळतंय. तू खुर्चीवर बसशील. गॉलवे जमिनीवर बसेल.”

विवेकने त्याला दार उघडून दिलं. मीही अडवलं नाही. माझ्या पोराला माझ्यासमोर कुणी लोभी म्हणावं, हे मला सहन होणारं नव्हतं. पुढे महिनाभर ते दोघे दुकानात समोरासमोर आले तरी एकजण दुसऱ्या रांगेत वळायचा.

ऑगस्टच्या मध्यावर त्याने पाटीला स्वतःचा कागद लावला. मंडळ वेगळंच राहावं, एवढी एक ओळ आणि खाली सह्यांना जागा. नियमाप्रमाणे ती घरोघर फिरली. एका दुपारी दारात कुणी आलं म्हणून मी उघडलं, तर शेजारच्या वस्तीतला नरेश पाटी घेऊन उभा, आणि त्याच्या मागून गुरुनाथ झपझप येत होता. त्याने नरेशच्या हातातून पाटी काढून घेतली.

“या घरची सही मला नको, अण्णा,” तो मला म्हणाला.

मी म्हटलं, “घर वगळत नाहीत ना तुमच्यात?”

“त्याने सही केली नाही तर कागदावर भोक दिसेल. ते मला नकोय.”

नरेश खाली बघत होता. गुरुनाथ स्वतः पाटी घेऊन पुढच्या घरी गेला. मी विवेकला काही बोललो नाही. भांडणात अजून सरपण घालायला नको, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे, हा माणूस आपल्या हाताने खड्डा खणतोय ते मला दिसत होतं, आणि मी त्याला खणू दिला.

रविवारी दुपारी बैठक झाली, एका खेळाच्या क्लबच्या हॉलमध्ये. गुरुनाथने कागद वर धरला. त्याच्यासकट दहा घरांच्या सह्या. दहा घरं म्हणजे जिंकल्यातच जमा. विवेकचा चेहरा उतरला. कागद हातोहात फिरत सुनेत्राकडे आला. ती इथल्या मोठ्या इस्पितळात नर्स होती आणि गुरुनाथची बाजू सगळ्यांत आधी तिनेच घेतली होती. तिने बोटाने सह्या मोजल्या, परत मोजल्या.

“अकरा घरं, दहा सह्या,” ती म्हणाली. “काका, पाटी कुणाकडे गेली नाही?”

तो खोटं बोलू शकला असता. विवेकनेच नाकारली म्हणाला असता, तर लोकांनी मानलंही असतं. पण तो म्हणाला, “विवेककडे. त्याचं मत मला माहीत होतं.”

सुनेत्रा उठून उभी राहिली. चार वर्षांपूर्वी तिचं सगळ्यांशी बिनसलं होतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

“तेव्हा माझ्या दारात कोणी येत नव्हतं,” ती म्हणाली. “आठवड्याला पाटी तेवढी यायची. तुम्ही स्वतः आणून द्यायचात, आत यायचा नाहीत, पण द्यायचात. तेवढ्यासाठी मी या मंडळात राहिले. आज तुम्ही घर वगळलंत. मग डब्लिनवाल्यांत आणि आपल्यात फरक काय?”

तिने पेन घेतलं आणि आपली सही खोडली. कागद नरेशकडे गेला, त्यानेही मान वर न करता खोडली. प्रकाशने खोडली, त्या दिवशी विनोद न करता. मत घेतलं तेव्हा आठ घरं डब्लिनकडे गेली, दोन गप्प राहिली आणि एकच हात विरुद्ध वर झाला. तो बराच वेळ वर राहिला.

कुणीतरी टाळी वाजवायला लागलं आणि थांबलं. विवेक त्याच्याजवळ जाऊन म्हणाला की काका, समितीत दुसरी जागा तुम्हीच घ्या. मनापासून म्हणाला, मी बाप आहे, मला कळतं. गुरुनाथने त्याच्याकडे न बघता कोट चढवला, वरपर्यंत बटणं लावली. मला म्हणाला, “अण्णा, तुम्ही दारात होतात. त्याच वेळी तुम्ही मला दोन शब्द सुनावायला हवे होते.”

मी खिडकीकडे वळलो.

नरेशने गाडीने सोडतो म्हटलं, ते त्याने ऐकलं न ऐकलंसं केलं. बाहेर समुद्राकडून वारा सुटला होता. उतरता रस्ता होता, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, आणि तो वाऱ्यात मान घालून मधोमध चालला होता. मागून एक मोटार आली, भोंगा न वाजवता हळूहळू त्याच्यामागे राहिली, मग त्याने बाजू दिली तशी निघून गेली. सुनेत्रा हॉलच्या पायरीवर उभी राहून बघत होती. पेन अजून तिच्या हातातच होतं. मी खिडकीपाशी होतो. आत विवेक खुर्च्या एकावर एक रचत होता, आणि प्रत्येक खुर्चीमागे तोही एकदा बाहेर बघत होता.